माय कोणत्या डब्यात बसायची

बाई, तुझ्या तेरवीला गाडी धावली. हे आधीच सांगून टाकतो. कारण कोण आलं, कोण नाही आलं, पंगती किती उठल्या, यातलं काही न विचारता तू पहिला प्रश्न हाच केला असतास, "डबे कोणते लावले बे मध्या?"

सांगतो. पण माझ्या पद्धतीनं सांगतो. आयुष्यभर मला वाक्य पूर्ण करू दिलं नाहीस, आता तरी दम धर.

पाहुण्यांत थोडी कुजबुज झाली. तेरवीच्या घरात खेळण्यातली आगगाडी कायले फिरवता, असं तुझ्या सासरचे मोठे मामाजी बोललेच. तुझा पोरगा प्रशांत पुण्यात राहून फार सभ्य झाला आहे. तो काहीतरी समजावून सांगायला लागला. मी मध्येच म्हटलं, "मामाजी, खेळणं नाई हे. खेळणं असतं तर आमच्या बाईनं मले हात लावू देला असता." मामाजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा गाडीकडे, आणि आणखी एक वडा मागून घेतला. विषय संपला.

लोकांना कळत नव्हतं यात त्यांचा दोष नाही. रेल्वेत आपल्या घराण्यातलं कुणी कधी नव्हतं. बाप गावच्या तलावात जाळं टाकायचा, माय ती मासोळी टोपलीत घेऊन छोट्या गाडीनं मूलच्या बाजारात न्यायची. आपण ढिवराची पोरं. तू शिकून नर्स झालीस, कुरखेड्याच्या जंगलातली गावं पायी तुडवलीस. मी एसटीत कंडक्टर झालो. मग रूळ रुंद झाले, मोठ्या गाड्या आल्या, आणि छोटी लाईन तिच्या कोळशाच्या इंजिनासकट गेली. आपणही विसरलो होतो. मग एका दिवाळीला प्रशांतनं तुझ्यासाठी तळहाताएवढं वाफेचं इंजिन आणलं. विजेवर चालणारं, पण दिसायला हुबेहूब. मी तर खूश होऊन ते फरशीवर ढकलायला लागलो. तू चष्मा लावून त्याच्या मागं पाहिलंस आणि म्हणालीस, "इंजिन पाहाले कोणी बी येते. माणसं तं डब्यात बसतात ना. डबे कुठी हायेत?"

तिथून सुरुवात झाली. सिंदेवाहीच्या तुझ्या घरातला पुढच्या खोलीतला पलंग गेला आणि त्या जागी फळ्यांचा मोठा पाट आला. त्यावर रूळ, तलाव, धानाचे बांध. इंजिनाचं माप सत्त्याऐंशीला एक, म्हणजे खऱ्या सत्त्याऐंशी फुटांचा पाटावर एक फूट. ही एवढी एक गोष्ट तू डॉक्टरच्या चिठ्ठीसारखी पाळलीस. मला वाटायचं, डबा डब्यासारखा दिसला म्हणजे झालं. एकदा मी नागपूरहून हौसेनं एक सुंदर डबा आणला, तो निघाला शहात्तराला एकच्या मापाचा. तू त्याला इंजिनामागे जोडून दाखवलंस आणि म्हणालीस, "पाह्य. पोराच्या अंगात बापाचा सदरा." खरंच तसं दिसत होतं. तो डबा मी आजही घरी टीव्हीवर ठेवला आहे आणि आजही मला तो सुंदरच वाटतो.

बाकीचे लोक डबा निवडताना चित्र पाहतात, रंग पाहतात. तुझी तऱ्हा वेगळी होती. मायची बाजारची टोपली तुझ्या स्वयंपाकघरात टांगलेली होती. तिचं माप घेऊन तू त्याच सत्त्याऐंशीच्या हिशेबानं लहान टोपली जाळ्याच्या दोऱ्यानं विणलीस, तुरीच्या दाण्याहून थोडी मोठी. पुण्याहून पार्सल आलं की तू हात धुवायचीस, नर्सच्या पेटीतला चिमटा काढायचीस, आणि आधी ती टोपली डब्याच्या दारातून आत घालून पाहायचीस. गेली तर पुढचं बोलणं. नाही गेली तर डबा खोक्यात, खोकं परत. प्रशांत फोनवर रडकुंडीला यायचा. "अगं आई, यात खिडक्यांना पडदे आहेत, दिवे लागतात आतमध्ये!" तू म्हणायचीस, "पडदे लावून का करू? आपल्या गाडीत बकऱ्या बसत."

टोपली दारातून गेली म्हणजे पास, असंही नव्हतं. खिडक्यांना गज पाहिजेत. लाकडी झडपा पाहिजेत. छत गोल पाहिजे पण फार गोल नको. छोट्या लाईनचा डबा रुळाच्या मानानं रुंद असायचा, दोन्ही बाजूंनी पोट बाहेर काढून चालायचा, तसा पाहिजे. असे डबे आयते कुठे मिळतात? परदेशातले अरुंद रुळाचे डबे त्यातल्या त्यात जवळचे, तेच घेऊन तू त्यांना कापायचीस, घासायचीस, गेरूच्या रंगात बुडवायचीस. एका डब्याची बाजू तू चार वेळा पुन्हा केलीस असं मला आठवतं. तू असतीस तर म्हणाली असतीस, तीनदा.

नागपूरला जुन्या गाड्या ठेवल्या आहेत तिथं आपण दोघं गेलो तो दिवस आठवतो? छोट्या लाईनचे दोन जुने डबे उभे होते. तू पिशवीतून शिंप्याची टेप काढलीस आणि सरळ बाकाची उंची मोजायला लागलीस. रखवालदार धावत आला. "ओ बाई, का करून राह्यल्या?" तू टेप न सोडता म्हणालीस, "मी नर्स हाये." तो बिचारा "बरं, बरं" म्हणत मागं सरला. नर्सला डबा मोजायची परवानगी कोणत्या कायद्यानं आहे, हे त्यालाही विचारायचं सुचलं नाही आणि मला तर हसू आवरत नव्हतं. परतताना एसटीत तू म्हणालीस, "माणूस ठामपणानं बोलला का अर्धं काम होते." हे तू मला शिकवायची गरज नव्हती. मी बिनसुट्ट्या पैशांच्या जगात एवढी वर्षं काढली आहेत.

आणि ते जर्मन! पहिला डबा अगदी मापात तयार झाला तेव्हा प्रशांतनं प्रवाशांची पाकिटं पाठवली. त्याच मापाची माणसं, सत्त्याऐंशीला एक. आपण ती डब्यात बसवायला गेलो तर उभ्या माणसाचं डोकं दाराच्या चौकटीला लागे, बसलेल्याचे गुडघे समोरच्या बाकाला. मी लगेच निकाल दिला की डबा चुकला, तू माप घेताना टेप उलटी धरली असणार. तू तो डबा पुन्हा मोजलास. सगळं बरोबर. दोन दिवस आपण त्या डब्यावरून भांडलो. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता तू एकदम कप खाली ठेवलास. "मध्या, डबा बरोबर हाये. माणसं चुकली." ती माणसं होती जर्मनीची, उंचपुरी, टोप्या घातलेली. आपल्या झाडीपट्टीतल्या डब्यात ती मावतीलच कशी? आपली माय तुझ्या खांद्याला लागायची, आणि तू काही उंच नव्हतीस. मग तू कानस घेतलीस आणि एकेका साहेबाचे पाय घासून त्याला आपल्या उंचीवर आणलंस. वर धोतर रंगवलंस. मी म्हटलं, "बाई, जर्मनीवाले पाह्यतील तं खटला भरतील." तू म्हणालीस, "येऊ दे. त्यायले बी घासतो."

इथपर्यंत सगळं गमतीचं. आता त्या भांडणाकडे येतो, कारण त्याच्याशिवाय तेरवीचं सांगता येत नाही.

नागपूरच्या त्या दोन डब्यांत एक फरक होता. एकात बाक लांबीनं होते, भिंतीला लागून, मध्ये सगळी जागा मोकळी. दुसऱ्यात बाक आडवे, एकामागे एक. तू दोन्ही बनवलेस, दोन्ही मापात. आणि मायचा पुतळा केलास. निळं लुगडं, कपाळाला ठसठशीत कुंकू, इतकी माय की पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा मी तिला कपाळाला लावलं. बाकीचे प्रवासी तू डिंकानं पक्के चिकटवलेस. माय मात्र काडेपेटीत कापसावर राहिली, कारण तिला कुठं बसवायचं यावर आपलं एकमत झालं नाही.

तू म्हणायचीस, लांब बाकाचा डबा; तिथं खिडकीपाशी तू तिच्यापुरती जागा सोडलीही होतीस. माय बाकावर बसे, टोपली पायांमध्ये, पाठ भिंतीला. मी म्हणायचो, डबा कोणताही घे, माय दारात खाली बसे, टोपली पायरीजवळ. आडव्या बाकांमध्ये तर टोपली मावतच नाही, तू स्वतःच चिमट्यानं घालून पाहिलं होतंस. हे मी म्हटलं की तुझा चेहरा बदलायचा. "माय खाली बसे नाई," एवढंच म्हणायचीस, आणि पाटावरचा दिवा बंद करून उठायचीस. एकदाच तू मला कारण सांगितलंस. लहानपणी तू ऐकलं होतंस, डब्यातला एक माणूस मायला म्हणाला होता, मासोळीचा वास येते, तिकडं दारात जाऊन बस. ते ऐकून तू रडायला लागली होतीस. म्हणून पाटावर तरी माय बाकावर बसली पाहिजे होती. मी दारात म्हणालो की तुला वाटायचं, मी त्या माणसाची बाजू घेतो.

मी बाजू घेत नव्हतो गं. मला फक्त आठवत होतं. दारात मायच्या मांडीवर मी बसायचो. तिचा एक हात माझ्या पोटाभोवती, एक टोपलीवर. वारा यायचा, इंजिनाचा कोळसा डोळ्यांत जायचा, धानाचे बांध मागं पळायचे. माझ्या आयुष्यात त्याहून चांगली जागा मला कधी मिळाली नाही, आणि मी पुढं आयुष्यभर लोकांना जागा देण्याचंच काम केलं. हे मी तुला साध्या शब्दांत एकदा सांगायला पाहिजे होतं. पण आपण दोघं भांडायला लागलो की मापं काढायचो, इंच काढायचो. मांडीचं कुणी बोललं नाही.

शेवटचं भांडण फोनवरच झालं. तू म्हणालीस, "येशील तवा पाहू. आता तू म्हनशील तसं तं होनारच नाई." मी म्हटलं, "तू म्हनशील तसं बी नाई." तू हसलीस. त्यानंतरच्या आठवड्यात प्रशांतचा फोन आला, आणि मी आलो तेव्हा 'पाहू' म्हणणारी तूच उरली नव्हतीस. मला राग आला होता, बाई. रडू नंतर आलं, आधी राग. भांडण अर्धवट सोडून जायची तुझी सवय नव्हती.

प्रशांत म्हणाला, "मामा, तेरवीला आईची गाडी चालवू. डबे तूच निवड." मी छाती पुढं काढून हो म्हटलं. गार्डाचा डबा निवडला, सामानाचा निवडला, तिसऱ्या वर्गाचे निवडले. एकेकाची चाकं पुसली, जोडण्या तपासल्या. एक छत किंचित उचललेलं होतं ते बसवलं. तुझा हात मला नाही, पण तुझ्या शेजारी बसून शिव्या खाल्ल्या आहेत, त्यामुळे काय चालत नाही ते मला नीट माहीत आहे. सगळं जमलं. मग काडेपेटी उघडली आणि हात थांबला.

दोन्ही डबे मापात होते. दोन्ही डबे त्या लाईनवर खरे धावले होते. माप तिथं काही सांगेना. तुझ्या मनासारखं केलं, मायला बाकावर बसवलं, तर मला माझ्या आठवणीला खोटं पाडावं लागत होतं. दारात बसवलं तर तू गेल्याबरोबर मी तुझ्यावर मात केली असं झालं असतं, आणि मेलेल्या माणसाला हरवण्यात काय मर्दुमकी? तेरवीच्या दिवशी सकाळी पाहुणे येईपर्यंत माय काडेपेटीतच होती. मनात ठरवलं, तशीच राहू दे. गाडी मायविना धावेल. पण ते पटलं नव्हतं. मायला वगळून धावणारी छोटी लाईन ही काय गाडी झाली?

दुपारी पारबताबाई आली. तुला आठवते का, मायची बाजाराची सोबतीण, तेव्हाची नवी नवरी? आता पार वाकली आहे, नातसुनेच्या खांद्यावर हात ठेवून आली. तुझ्या फोटोसमोर बसली, रडली, डोळे पुसले आणि मग पाटाकडे गेली. एकेका डब्याच्या खिडकीत डोकावून पाहिलं. मग म्हणाली, "अन् आमी कुठी हावो याच्यात?"

मी काडेपेटी उघडून माय तिच्या तळव्यावर ठेवली. तिनं ती डोळ्यांजवळ नेली. म्हणाली, "हे तं तुई माय हाये." मग मी विचारलं. सरळ विचारलं, बाई, तुझ्यासमोर कधी विचारलं नसतं. म्हटलं, "काकू, माय बाकावर बसे का दारात?"

"बाकावर?" तिला हसूच आलं. "बाकावर कायले बसू आमी? मूल आलं का बाकावरचे लोक उठत, थैल्या काढत, पोरं उचलत. तवपर्यंत आमी खाली उतरून बाजारात! पहिली जी पोचे तिले पिपराच्या झाडाखालची जागा. तुई माय तं गाडी थांबाच्या आधीच पाय खाली सोडे. आमच्या कोणाच्या हाती लागे नाई ते."

मी त्या माणसाचं विचारलं, वास येते म्हणणाऱ्याचं. तेही तिला आठवत होतं. "हो, होता एक मास्तर. दारात जाऊन बस म्हने. तुई माय म्हने, 'मी दारातच बसतो जी, रोज बसतो. तुमी बाजारात यान, मरळ देतो.' अन् आला ना तो! चांगली मोठी नेली."

मी हसलो. मग तिनं जे सांगितलं त्यानं माझं हसू गेलं. "बाईले मातर तुई माय बाकावर बसवे. खिडकीपाशी. शाळंतली पोरगी, तिचा परकर मळाले नाई पायजे म्हने. आमी म्हनो, पोरीले राणी करून राह्यली. तुई माय म्हने, हो, करून राह्यली."

बाई, बाक खराच होता. तुझी आठवण चुकली नव्हती, फक्त बाकावर तू होतीस. खिडकीपाशी बसून तू त्या माणसाचं बोलणं ऐकलंस आणि रडायला लागलीस, म्हणून मायचं उत्तर तुला ऐकू आलं नाही. आणि तो मास्तर मरळ घेऊन गेला तेव्हा तू शाळेत असशील. एवढी वर्षं तू मायसाठी एक जागा मागत राहिलीस जी मायनं आधीच तुला दिली होती. पारबताबाईनं थोडं मीठ वरून घातलं असेल, म्हाताऱ्या घालतात. तू असतीस तर तिची उलटतपासणी घेतली असतीस. मी घेतली नाही. मला ते खरं वाटलं, आणि ते तुला सांगायला तू नाहीस याचं मला त्या क्षणी जेवढं दुःख झालं तेवढं तुला उचललं तेव्हाही झालं नव्हतं.

मग मी डबा निवडला. लांब बाकाचा, तुझा. त्यात दारही चांगलं रुंद आहे. मायला दारात बसवलं, पाय पायरीवर सोडून, आणि डिंक लावला. प्रशांत म्हणाला, "मामा, पक्की चिकटवतोस?" म्हटलं, "पक्की." टोपली तिच्या शेजारी ठेवली. मग गाडी सोडली. तलावाला वळसा घालून ती दरवेळी पुढं आली की पारबताबाई मान हलवायची, आणि मामाजीसुद्धा खुर्ची ओढून जवळ बसले.

आता प्रशांत गाडी पुण्याला नेतो म्हणतो; मी म्हटलं, पाट इथंच राहील, मी महिन्यातून येईन, चाकं पुसेन. ते माझ्यावर सोड. चुका करीन, पण तुझ्या मापात करीन. प्रशांतच्या बायकोनं काल विचारलं की मायच्या डब्यात सगळे बसले, मग बाकावर खिडकीजवळची तेवढी जागा रिकामी कशी, एखादा प्रवासी बसवू का. मी कंडक्टरच्या आवाजात सांगितलं, "नाई. तिथी आमची बाई बसते."